पुंटो ७५ की ९०? बाराशे अठ्ठेचाळीस सीसीची भावंडं ओळखायची कशी

खटारा_प्रेमी

नमस्कार मंडळी,

घरात दुसरी गाडी हवी आहे. रोजच्या वापराला नाही, महिन्यातून दोन-तीनदा लांब जायला. बरीच शोधाशोध करून जुन्या फियाट पुंटो डिझेलवर मन बसलंय. क्लच लांब आहे, मागे गुडघे टेकतात, पार्ट मिळवायला खटपट करावी लागते, हे सगळं घरच्यांकडून ऐकून झालंय. ते कृपया पुन्हा सांगू नका.

अडचण वेगळीच आहे. २०११ ची एक गाडी बघितली. डिक्कीच्या दारावर '९० एचपी' असा बिल्ला. विकणारा मूळ मालक नाही, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा आहे. तो म्हणतो ही ९० वाली, म्हणून भाव चढा. आरसी बघितली तर सीसी १२४८. नेटवर बघितलं तर साध्या ७५ वाल्या पुंटोची सीसीही १२४८ च. आकड्यांचा तर नुसता बाजार आहे. कुठे ७५, कुठे ७६, कुठे ९०, कुठे ९३. चारही एकाच गाडीबद्दल की चार वेगळ्या, तेही कळेना.

आदल्या आठवड्यात एक ७५ वाली चालवली होती. ही 'नव्वद' पण चालवली, बाजारातून आणि कॉलनीतून पाच-सहा किलोमीटर. खरं सांगतो, मला काडीचा फरक जाणवला नाही. माझा पाय मठ्ठ आहे, की गाडी ७५ च आहे?

ओळखायचं कसं, आणि ओळखून फायदा किती, दोन्ही सांगा.

स्टेपनी

बिल्ला ऑनलाइन मिळतो. दोन दिवसांत घरपोच. माझ्या स्कूटरवर 'टर्बो' लिहिलंय.

टॅपेट

आधी आकड्यांचा गुंता सोडवू, मग बॉनेट उघडू.

७५ आणि ७६ ही एकच गाडी आहे. ९० आणि ९३ ही दुसरी. पहिल्या जोडीत फक्त एककाचा फरक. युरोपात शक्ती 'पीएस'मध्ये मोजायची रीत, म्हणजे ७३५.५ वॅट. इंग्रजी हॉर्सपॉवर, म्हणजेच बीएचपी, ७४५.७ वॅट. त्यामुळे ७६ पीएस म्हणजे बरोबर ७५ बीएचपी. दुसऱ्या जोडीत ९३ पीएसचे होतात साधारण ९२ बीएचपी, आणि नाव ठेवताना गोल आकडा म्हणून ९०. जाहिरात करणाऱ्याला जो आकडा सोयीचा तो तो छापतो.

आता इंजिन. हे फियाटचं १.३ मल्टीजेट. फियाट आणि जनरल मोटर्सची पॉवरट्रेनमधली भागीदारी होती तेव्हाचं, २००३ साली बाजारात आलं, पहिल्यांदा ७० पीएसचं. बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी, चार सिलेंडर, सोळा व्हॉल्व्ह, टायमिंगला बेल्ट नाही, चेन. २००५ साली एक ते १.४ लिटर गटात 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर'चं बक्षीसही याला मिळालं. आपल्याकडे इतक्या कंपन्यांनी ते वापरलं की लोक गमतीनं त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. मारुतीनं डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट, शेवर्लेनं स्मार्टेक. मारुतीचं मानेसरला बनायचं, फियाट आणि टाटांचं रांजणगावला. नावं निराळी, बाराशे अठ्ठेचाळीस तेच.

म्हणून आरसीवरच्या सीसीवरून काहीही कळणार नाही. ब्लॉक तोच आहे. खरा फरक टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यात. ७५ वाल्याला साधा, म्हणजे फिक्स्ड जिओमेट्री टर्बो. ९० वाल्याला व्हीजीटी, ज्यात टर्बाइनभोवतीची पाती फिरून वाट अरुंद-रुंद करतात. इंजेक्शनचं सॉफ्टवेअरही अर्थातच वेगळं. पुंटोत आकडे असे: ७५ वाली ७६ पीएस ४००० आरपीएमला, टॉर्क (फिरवण्याचा जोर) १९७ न्यूटन मीटर १७५० ला. ९० वाली ९३ पीएस ४००० ला, टॉर्क २०९ न्यूटन मीटर २००० ला.

बॉनेट उघडून काय बघायचं ते रात्री लिहितो. आता ऑफिस.

अवनी

टॅपेटदादा नेहमी ऐन वेळी ऑफिसला पळतात :)

तोवर एक प्रश्न. स्विफ्टमध्येही ७५ आणि ९० असं असतं का? आमच्याकडे डिझेल स्विफ्ट आहे. भाऊ सगळ्यांना छातीठोक सांगतो की त्याची नव्वदची आहे.

घाटकरी

अवनी, भावाला सांग स्वप्न बघणं सोड. आपल्याकडची डिझेल स्विफ्ट २००७ ला आली ती ७५ ची, आणि डिझेल बंद होईपर्यंत ७५ चीच राहिली. ७५ पीएस, १९० न्यूटन मीटर. डिझायर, रिट्झ तसेच. मारुतीत ९० वालं इंजिन एसएक्सफोर, अर्टिगा, सियाझ, एस-क्रॉस, ब्रेझा यांना. त्यामुळे मारुतीत प्रश्न सोपा, मॉडेलचं नाव कळलं की इंजिन कळलं.

घोळ कुठे होतो? जिथे एकाच अंगावर दोन्ही इंजिनं बसली तिथे. पुंटो त्यातलीच. टाटांची व्हिस्टा बहुतेक ७५ ची, पण २०१३ ला डी९० आली. झेस्टमध्येही खालच्या व्हेरिएंटला ७५ आणि वरच्यांना ९०. या तीन गाड्या जुन्या घेताना डोळे उघडे ठेवायचे.

सायलेन्सर

शेवर्लेच्या बीटलाही हेच इंजिन होतं ना? मग तिची सीसी १२४८ का नव्हती?

मीटर_बिटर

बीट डिझेल ९३६ सीसी. १२४८ ला चारने भागा आणि तीनने गुणा. बोअर-स्ट्रोक तेच ठेवून एक सिलेंडर कमी केला. गणित इतकं चोख बसतं की मला दर वेळी आनंद होतो. अवांतराबद्दल क्षमस्व.

आता मूळ प्रश्न, की धागालेखकाला फरक का जाणवला नाही. पाय मठ्ठ नाही, रस्ता चुकीचा होता.

लोक कमाल टॉर्कचे आकडे शेजारी ठेवतात, १९७ आणि २०९. फरक १२ चा, म्हणजे सहा टक्के. एवढा फरक गाडीत दोन माणसं जास्त बसली की झाकला जातो. त्यातही १७५० आरपीएमला ७५ वाली आपल्या शिखरावर असते, ९० वालीचं शिखर अजून अडीचशे आरपीएम लांब. म्हणजे बाजारपेठेत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दीड-दोन हजारांवर चालवताना ९० वालीनं पुढे असायला हवं अशी काही सक्ती नाही.

आता ४००० ला काय होतं बघा. शक्ती किलोवॅटमध्ये म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९. उलटं गणित करायचं. ७६ पीएस म्हणजे ५५.९ किलोवॅट, ४००० आरपीएमला त्याचा टॉर्क निघतो साधारण १३३ न्यूटन मीटर. ९३ पीएस म्हणजे ६८.४ किलोवॅट, टॉर्क साधारण १६३. फरक आता ३० न्यूटन मीटर, बावीस टक्के!

थोडक्यात, दोन्ही गाड्या तळाला सख्ख्या जुळ्या आहेत, वर जाता जाता वेगळ्या होतात. ७५ वाली तीन हजारांनंतर दमते. ९० वाली दमायला वेळ लावते. कॉलनीत फिरवून हे कळणं शक्यच नाही.

घाटकरी

मीटर_बिटरनं आकड्यांत सांगितलं ते मी चढावर अनुभवलंय. एका मित्राची ९० वाली पुंटो आणि दुसऱ्याची ७५ वाली, दोन्ही चालवल्या आहेत. सपाटीवर सहाव्या मिनिटाला विसरायला होतं कुठली कुठली. चढावर ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये अडकलात आणि ओव्हरटेकला मोकळी जागा मिळाली, की ७५ वालीत आरपीएम वर जातो पण खेच कमी होत जाते, तिसरा टाकावासा वाटतो, आणि तिसरा टाकला की टर्बो झोपतो. ९० वालीत तोच दुसरा गिअर आणखी ओढता येतो. माझ्या मते सगळा फरक त्या पाच-सात सेकंदांचा आहे. ज्याला ते सेकंद रोज लागतात त्यानं ९० घ्यावी.

दोन हजारांच्या खाली मात्र दोघीही आळशी. कोणी सांगितलं की व्हीजीटीमुळे लॅग, म्हणजे टर्बो जागा व्हायला लागणारा वेळ, गायबच होतो, तर विश्वास ठेवू नका.

खटारा_प्रेमी

मीटर_बिटर, हे भारी आहे. मी तीन हजारांच्या वर एकदाही गेलो नव्हतो, शेजारी तो माणूस बसला होता म्हणून लाजत चालवली. टॅपेटची वाट बघतोय.

टॅपेट

आलो.

पहिला आणि सगळ्यात भरवशाचा पुरावा, इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला कोड. फियाटमध्ये इंजिन नंबराच्या आधी इंजिनाचा प्रकार लिहिलेला असतो. युरोपातल्या ग्रँड पुंटोत १.३ मल्टीजेट ७५ चा कोड १९९ए२.०००, आणि ९० चा १९९ए३.०००. आपल्या गाडीचा कोड यांच्याशी जुळवत बसू नका. गाडीसोबतचं मालकाचं पुस्तक मागा. त्यात मागच्या भागात तांत्रिक माहितीत इंजिन कोडचा तक्ता असतो, कुठल्या व्हेरिएंटला कुठला कोड ते सरळ दिलेलं असतं. पुस्तक हरवलं असेल तर त्याच सालाच्या पुस्तकाची पीडीएफ शोधा. ब्लॉकवरचा कोड, आरसीवरचा इंजिन नंबर आणि पुस्तकातला तक्ता, तिन्ही एका रेषेत आले की वाद संपला. ब्लॉकवर तेल-मातीचा थर असतो, तेव्हा जुनं फडकं, थोडं डिझेल आणि टॉर्च घेऊन जा.

इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल तर ७५-९० चा प्रश्न बाजूला ठेवून तिथूनच परत फिरा. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आरटीओत होऊन आरसीवर यायला हवी. 'होऊन जाईल साहेब' याला काही अर्थ नसतो.

दुसरा पुरावा टर्बो. टर्बोला एक पत्र्याची डबी असते, तिच्यातून एक दांडी निघते. साध्या टर्बोत ती दांडी वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर वळवणारी झडप, उघडते. डबीला हवेचा दाब टर्बोच्या हवेच्या बाजूनेच येतो, त्यामुळे इंजिन नुसतं सुरू केल्यावर दांडी हलत नाही, बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला हवेचा दाब, वाढला तरच हलते. व्हीजीटीत उलट. तिथे डबीला व्हॅक्यूम लागतो, तो व्हॅक्यूम पंपाकडून एका सोलेनॉइडमार्गे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेतून, येतो. इंजिन बंद असताना दांडी सैल. इंजिन सुरू करताच ती खेचली जाते, पाती मिटतात. इंजिन बंद केलं की परत जागेवर. एकानं चावी फिरवायची, दुसऱ्यानं टॉर्च मारून दांडीकडे बघायचं. जागा अडचणीची आहे, वर उष्णता अडवणारा पत्रा असतो, तेव्हा दाढीचा छोटा आरसा किंवा मोबाइलचा व्हिडिओ उपयोगी पडतो. गरम इंजिनात हात घालू नका.

सायलेन्सर

दांडी हलली नाही तर ७५ वाली, असं नक्की म्हणता येईल का?

टॅपेट

नाही, आणि हे वर लिहायला हवं होतं. व्हॅक्यूमचा रबरी पाइप फाटला असेल, सोलेनॉइड गेला असेल किंवा काजळीनं पाती चिकटली असतील, तर ९० वालीची दांडीही गप्प बसते. दांडी हलली तर व्हीजीटी नक्की. हलली नाही तर दोन शक्यता, साधा टर्बो किंवा आजारी व्हीजीटी. तेव्हा डबीचा पाइप कुठे जातो ते बघायचं. सोलेनॉइडकडे जात असेल तर व्हीजीटी असण्याची शक्यता जास्त. हातपंपानं व्हॅक्यूम देऊन दांडी हलवून बघणं हा शेवटचा उपाय, कुठल्याही बऱ्या डिझेल मेकॅनिककडे तो पंप असतो.

आजारी व्हीजीटीची ९० वाली तर सगळ्यात वाईट सौदा. पैसे नव्वदचे, खेच पंच्याहत्तरहून कमी, वर टर्बोचा खर्च.

पाटा_स्प्रिंग

माझा अनुभव थोडा निराळा. जुन्या गाड्यांत आता रीमॅप केलेल्या ७५ वाल्या बऱ्याच फिरतात. सॉफ्टवेअर बदलून शक्ती वाढवलेली असते. चालवताना त्या ९० वालीसारख्या वाटतात, कधी कधी जास्तच. मग चालवून काय कळणार?

मीटर_बिटर

म्हणूनच चालवणं हा शेवटचा पुरावा, पहिला नव्हे. रीमॅपनं टर्बो बदलत नाही. टॅपेटनं सांगितलेली दांडी रीमॅपला फसत नाही.

लॅपटॉप आणि केबल असेल तर फियाटवाल्यांत मल्टीईसीयूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर चालतं, ते ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, ओळख क्रमांक वाचतं. साध्या ओबीडी अ‍ॅपनं बूस्टचा आलेख काढता येतो. पण तेवढा खटाटोप ब्लॉकवरचा कोड वाचता आला नाही तरच करा.

रीमॅप केलेली ७५ वाली मी तरी घेणार नाही. साध्या टर्बोकडून त्याला नेमलेल्या कामाहून जास्त काम करून घेतलेलं असतं, क्लचकडूनही. आधीच्या मालकानं मजा केलेली असते, बिल तुम्ही भरता.

पाटा_स्प्रिंग

इथे मतभेद. नीट केलेला रीमॅप लाखभर किलोमीटर चाललेला मी बघितलाय. पण कोणी केला, कधी केला ते कागदावर नसेल तर तुमच्याशी सहमत.

जुना_मालक

सगळे ७५-९० करताय, चेनबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो.

हे इंजिन माझ्याकडे दुसऱ्या एका गाडीत होतं. ऑइल बदलणं मी लांबवत गेलो. आज करू, पगार झाल्यावर करू, असं करत दीडपट किलोमीटर झाले. या इंजिनात ऑइल मावतंच मुळात तीन लिटरच्या आसपास. एवढ्याशा ऑइलवर टर्बोही जगतो आणि चेनचा टेन्शनरही. थोडं ऑइल जळलं, थोडं जुनं झालं की राहतं काय? एका थंडीतल्या सकाळी सेल्फ मारला तेव्हा दोन सेकंद खडखड आवाज आला. मी म्हटलं डिझेल आहे, आवाज करणारच. महिनाभर तसंच चालवली. मग एक दिवस चेन उडी मारून गेली आणि काम व्हॉल्व्ह-रॉकरपर्यंत गेलं. चूक पूर्ण माझी. चेन म्हणजे आयुष्यभराची निश्चिंती, असं मी उगाच धरून बसलो होतो.

तेव्हा गाडी बघायला जाताना आधी फोन करून सांगा की माझ्या येण्याआधी गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर चहा पिऊन या, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. पहिल्या सेल्फचे पहिले चार सेकंद सगळ्या कागदांपेक्षा खरं बोलतात. माझ्या मते ऑइल वेळेवर बदललेली ७५ वाली ही ऑइल न बदललेल्या ९० वालीपेक्षा शंभर पटींनी बरी.

अवनी

हे वाचून भावाला ऑइलची तारीख विचारली. गप्प बसलाय.

घाटकरी

जुना_मालक +१. त्यात भर: मूळ मालकाचं सर्व्हिस पुस्तक मिळालं तर त्यावर व्हेरिएंटचं नावही लिहिलेलं असतं. विम्याच्या जुन्या पॉलिसीवरही मॉडेलसोबत व्हेरिएंट असतो. व्यवहारवाल्याकडे मूळ मालकाच्या वेळची पॉलिसी मागा. बिल्ला खोटं बोलतो, जुनी पॉलिसी सहसा बोलत नाही, कारण तेव्हा कोणाला खोटं बोलायचं कारण नव्हतं.

आणि २०११ ची नोंदणी म्हणजे २०२६ ला पंधरा वर्षं पूर्ण. आरसीवरची मुदत बघा. पुढची नोंदणी करायची तर फिटनेस, पर्यावरण कर, सगळा फेरा तुमच्या डोक्यावर. भाव ठरवताना हे धरा. गाडी दिल्लीकडून आलेली नाही ना तेही बघा. एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवाद) दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घालणाऱ्या २०१५ च्या आदेशानंतर तिकडची दहा वर्षांच्या आसपासची डिझेलं बाहेरच्या राज्यांत विकायला येत असतात. त्यात वाईट काही नाही, पण एनओसी आणि आधीची सगळी साखळी कागदावर हवी.

सायलेन्सर

परदेशी फोरमवर या इंजिनाबद्दल वाचलं तर निम्म्या तक्रारी डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या. तेही बघायचं का?

टॅपेट

आपल्याकडच्या बीएस३-बीएस४ च्या १.३ मल्टीजेटमध्ये डीपीएफ नाही, त्यामुळे त्या तक्रारी इथे लागू नाहीत. परदेशी फोरम वाचताना हा घोटाळा कायम होतो. इंजिन तेच असलं तरी त्याला लटकवलेल्या गोष्टी देशागणिक बदलतात. इथे बघायचं तर ईजीआरकडे, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेकडे बघा, धूर काळा येतो का, आयडलला गाडी डुलते का.

आणि पार्ट घेताना 'हे स्विफ्टचंच इंजिन आहे, स्विफ्टचं बसेल' या भरवशावर राहू नका. काही बसतं, काही बसत नाही, टर्बो तर ७५-९० मध्येच वेगळा. पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

खटारा_प्रेमी

मंडळी, काल परत जाऊन आलो. सोबत आमच्या ओळखीचे डिझेलचे मिस्त्री होते. या वेळी लाज बाजूला ठेवली.

आधी फोन करून गाडी सुरू करू नका म्हणून सांगितलं होतं. बॉनेट गार. सेल्फ मारला, चेनचा आवाज नाही. मिस्त्री म्हणाले इंजिन शांत आहे. मूळ मालकाचं सर्व्हिस पुस्तकही निघालं, ऑइलच्या नोंदी ऐंशी हजारांपर्यंत वेळच्या वेळी.

मग दांडी. मी चावी फिरवली, मिस्त्री आरसा घेऊन वाकले. दांडी ढिम्म. मी म्हटलं, टॅपेटनं सांगितलंय, आजारी व्हीजीटी असू शकते. मिस्त्रींनी पाइप बघितला. डबीचा पाइप टर्बोच्या हवेच्या बाजूलाच जोडलेला. साधा टर्बो. तरी शंका नको म्हणून फडकं आणि डिझेल घेऊन ब्लॉक पुसला, कोड वाचला, पुस्तकातल्या तक्त्यात शोधला. ७५ वाल्याच्याच ओळीत निघाला. इंजिन नंबर आरसीशी जुळला, हे बरं झालं.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत नेली. तीन हजारांनंतर दमते म्हणजे काय ते आता कळलं. माझा पाय मठ्ठ नाही :)

त्या माणसाला पुस्तकातला तक्ता दाखवला. तो म्हणाला, 'साहेब, बिल्ला आधीपासूनच होता, मला काय माहीत.' असेलही. मी वाद घातला नाही, एवढंच म्हटलं की भाव ७५ चा लावा आणि २०२६ चा फेराही धरा. तो 'विचार करतो' म्हणाला आणि आज सकाळी त्याचाच फोन आला.

घाटकरी

घेणार का मग? ९० शोधत होतास ना?

खटारा_प्रेमी

शोधत नव्हतो खरं तर, मला ९० म्हणून विकली जात होती. आमचा रस्ता बहुतेक सपाट, महिन्यातून दोन-तीनदा जायचंय, त्यात तुमचे ते पाच-सात सेकंद क्वचितच लागतील. ऑइलच्या नोंदी असलेली ७५ वाली समोर असताना अज्ञात इतिहासाच्या ९० वालीमागे कशाला पळू? टोकन दिलंय.

जुना_मालक

शाब्बास. घरी आणल्यावर पहिलं ऑइल तू स्वतः बदलून घे, पुस्तकावर कितीही नोंदी असोत.

स्टेपनी

आणि बिल्ला? आता खोट्या बिल्ल्याची गाडी चालवणार की काय? नको असेल तर माझ्या स्कूटरला लागेल.

खटारा_प्रेमी

गाडी घरी आली. ऑइल, फिल्टर दोन्ही बदलले. बिल्ला बायकोच्या हेअर ड्रायरनं तापवून दोऱ्यानं कापून काढला. खालचा रंग आजूबाजूच्या दारासारखाच फिका होता. चौदा वर्षं उन्हात बिल्ला असता तर त्याखाली आकड्यांच्या आकाराचा गडद ठसा राहिला असता.

स्टेपनी, पत्ता व्यनि करा.